मुक्तद्वार : मध्यवर्ती ग्रंथालयाची दोनशे वर्षांची वाटचाल

ज्ञान जतन करणे आणि ज्ञान वाटणे ही दोन्ही पुण्यकर्मे होत. परंतु इतिहास पाहिला असता असे दिसून येते की, समाजाने पहिले कर्म मोठ्या निष्ठेने पार पाडले आणि दुसऱ्या कर्मास मात्र वारंवार विलंब लावला. ग्रंथ सुरक्षित राहावा म्हणून पेटीला कुलूप घालावे, की ग्रंथ वाचला जावा म्हणून कपाटाचे दार उघडे ठेवावे, हा प्रश्न शेकडो वर्षे जुना आहे. आजच्या काळात एखाद्या शहराचे मध्यवर्ती सार्वजनिक ग्रंथालय कसे असावे, याचा विचार करतानाही अखेरीस हाच प्रश्न समोर येतो. राजारामपुरीसारख्या विद्यार्थी, व्यापारी, नोकरदार आणि निवृत्त मंडळी अशा सर्वांच्या वस्तीत तर तो अधिकच जवळचा वाटावा असा आहे.

पेटीतील सिद्धांत

जैन समाजाला या प्रश्नाची ओळख नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत शास्त्रदानाची गणना होते. जैसलमेर, पाटण, मूडबिद्री येथील ग्रंथभांडारांनी परचक्रे, वाळवी, दमट हवा आणि काळ या सर्वांशी झुंज देऊन ताडपत्रे आणि पोथ्या राखल्या. हे ऋण फेडता येण्याजोगे नाही. तथापि, याच इतिहासात एक वेगळा धडाही दडलेला आहे.

षट्खंडागमावरील 'धवला' आणि कसायपाहुडावरील 'जयधवला' या टीकांच्या प्राचीन ताडपत्रीय प्रती मूडबिद्री येथे शतकानुशतके जपलेल्या होत्या. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन घडे. जुन्या कन्नड लिपीतील ती अक्षरे वाचू शकणारे विद्वान मात्र विरळ झाले होते. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या प्रयत्नांतून १८९६ च्या सुमारास प्रती उतरविण्याचे कार्य सुरू झाले आणि ते पूर्ण होण्यास १९२२ साल उजाडले. प्रती तयार झाल्या तरी त्या मूडबिद्रीबाहेर जाऊ नयेत अशी तेथील भूमिका होती. तथापि प्रत करणाऱ्या गजपती शास्त्रींच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने घरी बसून गुप्तपणे दुसरी प्रत सिद्ध झाली, ती सहारनपुरास पोहोचली आणि तिच्यावरूनच पुढे इतरत्र प्रती गेल्या. १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादकत्वाखाली अमरावतीहून 'धवला' छापून प्रसिद्ध होऊ लागली आणि १६ खंडांत ते कार्य सिद्धीस गेले.

या कार्यात साहाय्य करणारे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये हे कोल्हापूरचे भूषण होत. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे १९०६ साली जन्मलेल्या उपाध्ये यांनी १९३० ते १९६२ या काळात राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापन केले. १९३५ साली त्यांनी संपादिलेला 'प्रवचनसार' प्रसिद्ध झाला आणि कोल्हापुरात बसून केलेल्या संशोधनाची दखल देशोदेशीच्या विद्वानांनी घेतली. त्यांच्यासारख्या संशोधकाला ठिकठिकाणच्या भांडारांतून पोथी मिळाली म्हणूनच हे शक्य झाले. जपलेली पोथी हा मुद्दलाचा ठेवा खरा. परंतु ती वाचणाऱ्याच्या हाती पडते तेव्हाच त्या मुद्दलावर व्याज चढू लागते.

'नेटिव्ह लायब्ररी'चा काळ

महाराष्ट्रात आजच्या अर्थाने सार्वजनिक म्हणता येतील अशी ग्रंथालये एकोणिसाव्या शतकात निघाली. १८२८ साली रत्नागिरीस, १८४० साली नाशिकला आणि १८४८ साली पुण्यास ग्रंथालय सुरू झाले. कोल्हापूर या मालिकेत मागे नव्हते. १८५० साली 'कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी' स्थापन झाली. तीच पुढे 'करवीर नगर वाचन मंदिर' या नावाने नावारूपास आली आणि भाऊसिंगजी रोडवरील तिची वास्तू पिढ्यानपिढ्यांच्या वाचकांना परिचित आहे. रेल्वे, महाविद्यालय आणि नगरपालिकेची आधुनिक व्यवस्था या शहरात रुजण्याच्या आधी येथे ग्रंथालय होते, ही गोष्ट कोल्हापूरकरांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे.

मात्र त्या काळातील ग्रंथालयांचे स्वरूप मर्यादित होते. इंग्रज अधिकाऱ्यांचे उत्तेजन, संस्थानिक, सरदार व सुशिक्षित गृहस्थ यांच्या देणग्या आणि सभासदांची वर्गणी यांवर ती चालत. ग्रंथसंग्रहात इंग्रजी पुस्तकांचा भरणा अधिक असे. वर्गणी देऊ शकणारा आणि इंग्रजी जाणणारा वर्ग लहान, म्हणून वाचकवर्गही लहान. मराठी ग्रंथांची आबाळ होत असल्याची जाणीव पुढे तीव्र झाली. १८९३ साली ठाण्यास आणि १८९८ साली मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली, ती याच जाणिवेतून.

दरम्यान वाचकांची संख्या वाढविणारी मोठी घटना कोल्हापुरातच घडली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला आणि १९१७ साली संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. ज्याच्या घरात कधी पाटी आली नव्हती अशा घरांतून वाचणारी मुले बाहेर पडू लागली. वाचता येऊ लागलेल्या या मुलांनी पुढे वाचायचे काय आणि बसायचे कोठे, हा प्रश्न त्यानंतर अटळ होता.

बडोद्याचा धडा

या प्रश्नाचे सर्वांत पद्धतशीर उत्तर दिले ते एका मराठी राजाने, बडोद्यात. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेल्या महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेला मनुष्य वाचनावाचून पुन्हा निरक्षर होतो, हे ओळखून त्यांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना १९१० साली पाचारण केले. महाराजांनी राजवाड्यातील स्वतःचे सुमारे २०,००० ग्रंथ दिले आणि त्यांतून बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय आकारास आले.

बोर्डन तीनच वर्षे राहिले. परंतु त्यांनी घालून दिलेली घडी विलक्षण होती. मध्यवर्ती ग्रंथालयात महिलांसाठी स्वतंत्र विभाग होता, मुलांसाठी खेळ आणि चित्रे असलेले दालन होते, वृत्तपत्रांसाठी वाचनालय होते. ग्रंथपालांना शिकविण्याचे वर्ग निघाले. १९१२ साली इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतील ग्रंथालयविषयक नियतकालिक तेथून सुरू झाले. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी पाठविल्या जात. एका गावाने वाचून झाल्यावर पेटी पुढे जाई. आधी वर्णिलेल्या पेटीला कुलूप होते. या पेटीला प्रवास होता.

याहूनही शिकण्यासारखी होती ती पैशाची व्यवस्था. ग्रामस्थांनी जेवढी रक्कम उभी करावी, तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा तिहेरी वाटा ठरला होता. लोकांचा रुपया पडला की त्याचे तीन होत. त्यामुळे ग्रंथालय सरकारी देणगीही ठरले नाही आणि एकट्या दात्याच्या मर्जीवरही राहिले नाही. गावाने स्वतःचा वाटा घातलेला असल्यामुळे गावाने ते स्वतःचे मानले.

बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची वास्तूही वाचकाचा विचार करून सिद्ध झाली. ग्रंथसंचयाच्या मजल्यांना जाड काचेच्या लाद्या बसविल्या गेल्या, जेणेकरून वरचा उजेड खाली झिरपावा आणि दिव्यांवाचून पुस्तक सापडावे. वास्तुरचना हीसुद्धा वाचकसेवेचाच भाग असते, हे यातून स्पष्ट होते.

कोल्हापूरचा कायदा

ग्रंथालय हा नागरिकांचा हक्क मानावयाचा तर त्याला कायद्याचा आधार हवा. मुंबई सरकारने फैजी समिती नेमली आणि तिने १९४० साली मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत पोहोचणारी योजना सादर केली. परंतु प्रत्यक्ष कायदा करण्याचा मान मिळविला तो कोल्हापूर संस्थानाने. १९४५ चा कोल्हापूर सार्वजनिक ग्रंथालय कायदा हा भारतातील अशा प्रकारचा पहिला कायदा म्हणून ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकांत नोंदविला गेला आहे. मद्रास प्रांताचा कायदा १९४८ साली, हैदराबादचा १९५५ साली आला. १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि कोल्हापूरच्या कायद्याचे आयुष्य अल्पच ठरले. तरीही मार्ग दाखविण्याचे श्रेय त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला. त्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा श्रेणी देऊन अनुदान दिले जाऊ लागले आणि कालांतराने अशा ग्रंथालयांची संख्या १२ हजारांच्या आसपास पोहोचली. मात्र मद्रासच्या कायद्यात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घेण्याची जी तरतूद होती, ती महाराष्ट्राने स्वीकारली नाही. याचा परिणाम व्यवहार जाणणाऱ्यास लगेच उमगेल. हक्काचे उत्पन्न नाही, म्हणून अनुदानाची वाट. अनुदान अपुरे, म्हणून ग्रंथपालाचा पगार तुटपुंजा. पगार तुटपुंजा, म्हणून दार दिवसातून काही तासच उघडे.

पणजी आणि चेन्नई : दोन नवी उदाहरणे

एकविसाव्या शतकात मध्यवर्ती ग्रंथालयाची कल्पना पुन्हा नव्याने मांडली जाऊ लागली. माहिती भ्रमणध्वनीवर मिळू लागल्यावर ग्रंथालयाची गरज संपेल, असे भाकीत अनेकांनी केले होते. घडले ते उलट. फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, २०१८ च्या डिसेंबरात संसद भवनासमोर 'ओडी' हे मध्यवर्ती ग्रंथालय उघडले. त्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर पुस्तके, मधल्या मजल्यावर शिवणयंत्रांपासून ध्वनिमुद्रणापर्यंतची साधने आणि तळमजल्यावर सर्वांसाठी खुली जागा आहे. कोणीही यावे, बसावे, काही विकत न घेता दिवस घालवावा, असे ते ठिकाण आहे.

इतक्या दूर न जाताही उदाहरण सापडते. पणजीचे सार्वजनिक ग्रंथालय १८३२ सालचे, म्हणजे देशातील अत्यंत जुन्या ग्रंथालयांपैकी एक. दीर्घकाळ ते मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या वास्तूत होते. पुढे पाटो येथे त्यासाठी प्रशस्त बहुमजली इमारत उभी राहिली आणि सोळाव्या शतकात गोव्यात मराठी ग्रंथरचना करणाऱ्या कृष्णदास शामा यांचे नाव त्याला देण्यात आले. मुलांचा विभाग, दृष्टिहीनांसाठी ब्रेल विभाग, गोव्याच्या इतिहासाचा स्वतंत्र संग्रह अशी त्याची मांडणी आहे. पोर्तुगीज, मराठी, कोकणी, इंग्रजी अशा अनेक भाषांचे वाचक तेथे एकाच छपराखाली बसतात.

चेन्नईचे अण्णा शताब्दी ग्रंथालय १५ सप्टेंबर २०१० रोजी सुरू झाले. ९ मजले आणि १२ लाख ग्रंथांची क्षमता, हा त्याचा विस्तार. परंतु त्यातील एक लहानशी सोय या सर्व आकड्यांहून बोलकी आहे. स्वतःचे पुस्तक घेऊन येऊन वाचत बसण्यासाठी तेथे स्वतंत्र दालन ठेवलेले आहे. घरात जागा नसलेल्या विद्यार्थ्याला काय हवे असते, हे आखणी करणाऱ्याने ओळखले होते. २०११ साली सत्तांतरानंतर हे ग्रंथालय हलवून त्या जागी बालरुग्णालय करण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा वाचकांच्या बाजूने न्यायालयात दाद मागितली गेली आणि मद्रास उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ग्रंथालय आहे तेथेच राहिले. उघडण्यास जेमतेम वर्ष झालेली वास्तू लोकांनी आपली मानली होती, हेच तिचे खरे संरक्षण ठरले.

वास्तूची मांडणी कशी असावी

या सर्व इतिहासातून कोल्हापूरसारख्या शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा आराखडा कसा असावा, याचे काही निकष हाती लागतात.

पहिला निकष जागेचा. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २०१९ च्याच पुरात सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो ग्रंथांचा लगदा झाला. दीडशे वर्षांचा संग्रह दोन दिवसांत जाऊ शकतो, हे त्या घटनेने दाखवून दिले. म्हणून ग्रंथालय उंचवट्यावरील वस्तीत असावे, तळघरात एकही ग्रंथ ठेवू नये आणि दुर्मिळ संग्रह वरच्या मजल्यावर असावा.

दुसरा निकष बळकटीचा. निवासी खोलीची जमीन चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखली जाते. ग्रंथांच्या मांडण्यांसाठी हाच भार ६०० किलो आणि त्याहून अधिक धरावा लागतो. जुन्या घरात किंवा रिकाम्या सभागृहात कपाटे लावली की ग्रंथालय झाले, ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे. पावसाळ्यातील दमट हवेसाठी मांडण्या भिंतीपासून सुटया ठेवणे, वाचनाच्या टेबलांना उत्तरेचा उजेड देणे आणि पश्चिमेचे ऊन ग्रंथांवर पडू न देणे, या गोष्टी आरंभीच ठरल्या पाहिजेत. नंतर त्या दुरुस्त करणे फार खर्चाचे होते.

तिसरा निकष माणसांचा, आणि तोच मुख्य. तळमजला मुक्तद्वार असावा; तेथे सभासदत्व, अनामत, ओळखपत्र यांपैकी काहीही विचारले जाऊ नये. सकाळी फिरून येणाऱ्या ज्येष्ठांना वृत्तपत्रे तेथेच मिळावीत. मुलांचा विभाग शांततेच्या दालनापासून दूर असावा, म्हणजे मुलांना मोठ्याने वाचता व हसता येईल. मांडण्या त्यांच्या हाताला येतील एवढ्याच उंचीच्या असाव्यात. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिकेला स्वतंत्र प्रवेश असावा, कारण तिचे दार रात्री उशिरापर्यंत उघडे राहणार. मुलींना आणि त्यांच्या पालकांना निर्धास्त वाटेल असा उजेड, स्वच्छतागृह आणि राबता तेथे हवा. उतरंड आणि उद्वाहन यांची सोय नसेल तर गुडघे दुखणारा आजोबा पहिल्या पायरीवरूनच परततो.

चौथा निकष स्थानिक स्मृतीचा. संदर्भ विभागात जगातील ग्रंथ असोत. परंतु कोल्हापूरच्या संस्थानकालीन गॅझेट्स, बाबूराव पेंटरांपासूनच्या चित्रपटसृष्टीची कागदपत्रे, कुस्तीची जुनी हस्तपत्रके, गुळाच्या बाजारपेठेच्या नोंदी, मोडीतील घरगुती दप्तरे हे अन्यत्र मिळणार नाही. मोडी वाचून देणारा एक जाणकार आठवड्यातून एक दिवस बसला, तरी माळ्यावरची कितीतरी बाडे रद्दीत जाण्यापासून वाचतील.

रोजचा खर्च

देणगीदारांचा ओढा नेहमी वास्तूकडे असतो. कोनशिला दिसते, ग्रंथपालाचा पगार दिसत नाही. अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाने जगभरात २,५०९ ग्रंथालयांच्या इमारतींसाठी पैसा दिला. परंतु त्याची अट व्यापाऱ्याची होती. गावाने जागा द्यावी आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालविण्यासाठी स्वतः उभी करण्याची हमी द्यावी. हमी नाही तर देणगी नाही. बडोद्याचा तिहेरी वाटा आणि कार्नेगीची दहा टक्क्यांची अट, या दोहोंमागील हिशेब एकच आहे : इमारत एकदा बांधावी लागते, ग्रंथालय रोज चालवावे लागते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. त्यांतील अखेरचे सूत्र ग्रंथालयाला वर्धिष्णू, सजीव संस्था म्हणते. सजीव वस्तूला रोज अन्न लागते. नवी पुस्तके, वेळेवर पगार, वीज, झाडलोट आणि बांधणी हे ते अन्न होय. ज्या संस्था आज ग्रंथालयासाठी कायम निधी उभारतील आणि त्याच्या व्याजातून एका ग्रंथपालाचा पगार निघेल अशी तजवीज करतील, त्या संस्थांचे दान कोनशिलेपेक्षा अधिक काळ टिकेल.

समारोप

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ सालापासून उभे असलेले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. ती हळहळ विटामातीसाठी नव्हती. त्या दारातून तिकीट काढून आत गेलेल्या आजोबांपासून नातवंडांपर्यंतच्या आठवणींसाठी ती होती. लोक ज्या वास्तूत जात आले, तिच्यासाठीच ते रडतात.

मध्यवर्ती ग्रंथालयाची कसोटीही हीच. त्याचा घुमट किती उंच, कपाटे किती, ग्रंथसंख्या किती, हे अहवालात येईल. परंतु राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीतील, दोन खोल्यांच्या घरातील मुलगी संध्याकाळी सात वाजता वही घेऊन तेथे जाऊ शकते का, आणि तिला कोणी 'सभासद आहेस का?' असे न विचारता बसावयास खुर्ची मिळते का, यावर त्याचे खरे मोल ठरेल. लक्ष्मीबाईंनी घरी बसून जी प्रत उतरविली, ती अशाच एखाद्या अनोळखी वाचकापर्यंत पोहोचावी म्हणून उपयोगी पडली. ते कार्य अद्याप पूर्ण झालेले नाही.